सरळ रेघेचा चेहरा

२ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार. नोकरी लागून अडीच महिने झाले आणि हे तुला पहिलं पत्र, म्हणजे तू रागावली असशील असं धरूनच पुढे लिहिते. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाने जुळवतेस. मागच्या खेपेला त्यातून माझं लग्न ठरल्याची बातमी घरभर झाली होती. तेव्हा कागदच बरा. शिवाय जे लिहायचंय ते ऑफिसच्या फोनवर बोलण्यासारखं नाही.

कारखाना काचेचा आहे. औषधाच्या लहान बाटल्या, इंजेक्शनच्या, तुझ्या करंगळीएवढ्या. मी एचआरमध्ये आहे, पण आमच्या दारावर 'पीपल अँड कल्चर' अशी पाटी आहे. सगळं नवं नवं आहे इथे. ऑफिसवाल्यांना वेळेची सूट आहे, भट्टीवाल्यांना अर्थातच नाही. मन शांत राहावं म्हणून एक बाई दर बुधवारी स्क्रीनवरून श्वास घ्यायला शिकवतात. आणि एक 'नाडी' आहे. दर सोमवारी सकाळी प्रत्येकाच्या मोबाइलवर पाच तोंडं येतात, लाल रडक्यापासून हिरव्या हसऱ्यापर्यंत. आपल्याला कसं वाटतंय त्या तोंडावर बोट ठेवायचं. खाली एक चौकट असते, 'काही सांगायचं आहे?' अशी. या सगळ्यावरून, आणि हजेरी, रजा, ट्रेनिंग यांवरून, नाडी प्रत्येकाचा एक आकडा काढते. हा माणूस आणखी वर्षभर टिकण्याची शक्यता शंभरात किती, असा.

आता माझी अडचण. आमच्या तपासणी खात्यात चौदा जणी आहेत. अंधाऱ्या केबिनमध्ये बसून बाटली दिव्यासमोर धरतात, आधी काळ्या पुठ्ठ्यापुढे, मग पांढऱ्या, आणि भेग, बुडबुडा शोधतात. एप्रिलमध्ये त्यांच्या जागी कॅमेऱ्याचं यंत्र येणार. ते चालवायला सहा जण शिकवून तयार करायचे आहेत. वरून नियम असा की साठच्या वर आकडा असेल त्यालाच शिकवायचं, कारण शिकून निघून गेला तर खर्च वाया. आणि चौदाच्या चौदा जणींचा आकडा तिसाच्या आत आहे. नाडीचं म्हणणं, पॅकिंगमधले सहा घ्या, तिथले सगळे ऐंशीच्या वर आहेत. म्हणजे या चौदा जणी घरी. यादी एकतीस मार्चला द्यायची आहे, माझ्या सहीने.

त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या बाईंना सगळे भिंगवाली म्हणतात, कारण इतरांना भिंगातून जे दिसतं ते त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसतं. एकोणीस वर्षं नोकरी झाली. आकडा अकरा. आत्या, एकोणीस वर्षं एका खुर्चीवर बसलेली बाई वर्षाच्या आत सोडून जाईल हे मला पटत नाही. का पटत नाही हे मात्र सांगता येत नाही. तू चौतीस वर्षं हेच काम केलंस. तू काय केलं असतंस?

तुझी बारकी


८ फेब्रुवारी

बारके,

रागावले नव्हते, रुसले होते. रागावलेल्या माणसाला कारण लागतं. पत्र आलं तसा रुसवा गेला, पण हे तुला इतक्यात कळवायचा विचार नव्हता.

आमच्या वेळी दारावर 'पर्सोनेल' लिहिलेलं असे. पाटी रंगवणाऱ्याचं बरं चाललंय म्हणायचं. पण तुझी ती नाडी डोक्यातून जाईना. काल दूध उतू गेलं. मला सांग, ती पाच तोंडं कुणी काढली? लाल तोंडावर बोट ठेवलं तर कुणी येऊन विचारतं का काय झालं म्हणून, की नुसता आकडा उतरतो? ज्याचं काम बरं चाललंय पण घरी सासूशी वाजलंय, त्याने कुठलं तोंड धरायचं? आणि आकडा ज्याचा त्याला कळतो का?

मी काय केलं असतं? फाइल काढली असती. फाइल उघडली की दहा मिनिटांत माणूस ओळखते, असा माझा लौकिक होता पंपाच्या कारखान्यात. साहेबसुद्धा विचारायचे. पण तुझ्याकडे फाइल नाही, तोंडं आहेत.

एक गोष्ट मात्र खटकते. चौदा बायका एका खोलीत रोज आठ तास बसून एका मताच्या झालेल्या मी तरी उभ्या जन्मात पाहिल्या नाहीत. दोघी खूश, चौघी वैतागलेल्या, एकीचं कुणाशीच पटत नाही, असं असतं ते. चौदाच्या चौदा जणी एकाच घरात पडतात म्हणजे गोम काहीतरी वेगळी आहे.

ती तोंडं कागदावर छापून पाठव. वीसेक प्रती पाठव. कशाला ते विचारू नकोस.

आत्या


१३ फेब्रुवारी

आत्या,

तीस प्रती पाठवते आहे. चौकटही खाली छापली आहे. तोंडं कुणी काढली ते इथे कुणालाच माहीत नाही, सॉफ्टवेअरबरोबर आली. लाल तोंडावर बोट ठेवलं तर साहेबांच्या स्क्रीनवर लाल ठिपका येतो. ठिपका आल्यावर कुणी कुणाकडे गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. आकडा ज्याचा त्याला कळत नाही. तो फक्त आम्हाला दिसतो.

भिंगवालींची मुलाखत घेतली. 'थांबा-मुलाखत' म्हणतात तिला. पूर्वी माणूस सोडून निघाला की विचारायचे का जातोस, आता जायच्या आधीच विचारतात. प्रश्न छापील असतात.

"कामात आनंद वाटतो का?"

"काम आहे ते."

"पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"इथेच. का, खुर्ची हलवणार आहात का?"

मी खाली मान घालून पुढचा प्रश्न वाचला. काही बदल हवा आहे का? त्या म्हणाल्या, "नाही." काही सांगायचं आहे का? "नाही." अकरा प्रश्न चार मिनिटांत संपले. बाई उठून गेल्या, जाताना खुर्ची होती तशी सरळ लावून गेल्या. मी शेऱ्यात लिहिलं, 'उत्तरं टाळतात.'

आत्या, मला वाटतं यंत्राचं बरोबर आहे. मी त्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. नाडी आल्यापासून एकशेचार सोमवार झाले, आणि एकशेचारही वेळा त्यांनी मधल्या तोंडावर बोट ठेवलंय, त्या सरळ रेघेच्या तोंडावर. चौकट एकदाही भरली नाही. शिकायचे व्हिडिओ एकही उघडले नाहीत. शिफ्ट संपली की मिनिटभर जास्त थांबत नाहीत. इतरांचंही तेच. ज्या माणसाला ना आनंद होतो ना राग येतो, तो मनाने केव्हाच निघून गेलेला असतो, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

मला वाईट वाटतंय, पण निदान चित्र स्पष्ट झालं.

बारकी


२४ फेब्रुवारी

बारके,

चित्र कसलं स्पष्ट झालंय, तुझा चष्मा पुसून घे.

तुझी तोंडं मी आमच्या इमारतीत वाटली. दोन सोमवार झाले. लोकांना वाटलं म्हातारीला चळ लागला, पण भरून दिलं सगळ्यांनी. पहिल्या मजल्यावरच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरने दोन्ही वेळा हिरवं तोंड धरलं. मी म्हटलं, मजेत आहेस म्हणजे. तर म्हणाला, "मजेत कुठला, बायको माहेरी गेलीय आणि गाडीचा ब्रेक लागत नाही. हिरवा दिसला म्हणून बोट ठेवलं." तोंडाकडे त्याने पाहिलंच नव्हतं.

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी मधलं धरलं. विचारलं तर म्हणतात, "स्थिर." त्यांच्याकडे पेशंट स्थिर असणं ही चांगली बातमी असते.

आणि समोरचे टेलरकाका. त्यांनीही मधलंच. काकांचा स्वभाव तुला माहीत आहे, दिवसभर शीळ घालत मशीन चालवतात, त्यांच्याइतका खूश माणूस या जिन्यावर नाही. मी म्हटलं, काका, हसरं का नाही धरलं? तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "ते सैल आहे. आणि हे रडकं तंग. हे मधलं मापात बसतंय."

मी हसले खरी, पण घरी येऊन तासभर कागद समोर घेऊन बसले. माणूस आपलं काम अंगावरून उतरवून ठेवून तुझी तोंडं बघत नाही, बारके. टेलर टेलरच्या डोळ्यांनी बघतो, नर्स नर्सच्या. मग तुझ्या त्या चौदा जणी कुठल्या डोळ्यांनी बघत असतील? मला ठाऊक नाही. तुलाही नाही, कारण तू त्यांना टेबलाच्या या बाजूने प्रश्न विचारलेस.

एक अख्खी शिफ्ट त्यांच्या शेजारी जाऊन बस. काम कर. छापील प्रश्न घरी ठेवून जा. आणि काय दिसलं ते सगळं लिही, गाळू नकोस, मला उत्सुकतेने झोप नाही.

आत्या


१ मार्च

आत्या,

तुझ्या पाया पडते, टेलरकाकांच्याही.

काल सकाळी सहाच्या शिफ्टला गेले. भिंगवालींनी एक स्टूल सरकवलं. पहिली दहा मिनिटं काहीच करायचं नसतं, नुसतं अंधारात बसायचं, डोळे सरावेपर्यंत. मोबाइल दारातच ठेवायचा, कारण एकदा स्क्रीन बघितला की पुन्हा दहा मिनिटं गेली. व्हिडिओ का उघडत नाहीत ते मला तिथेच कळलं. शिफ्टनंतर थांबत नाहीत, कारण थकलेल्या डोळ्यांनी तपासायला मनाई आहे. नियम भिंतीवर लावलेला आहे, सहीशिक्क्यानिशी, आमच्याच कंपनीचा.

मग मी बाटल्या बघू लागले. पहिल्या तासात चाळीस पास केल्या. भिंगवालींनी त्यातल्या सहा उचलून पुन्हा माझ्यासमोर ठेवल्या. मी डोळे ताणून बघितलं तेव्हा एकीच्या गळ्याशी केसाएवढी वाकडी भेग दिसली. त्या म्हणाल्या, "ही सुईच्या वेळी फुटते."

दुपारी त्यांचं रजिस्टर बघत होते. एका ट्रेची एक ओळ, आणि भेग, बुडबुडा, ओरखडा, डाग असे रकाने. दोष सापडला तर आकडा लिहायचा आणि शेवटी शेरा. दोष नसेल तर सगळ्या रकान्यांतून एक सरळ रेघ. आणि शेऱ्याची जागा कोरी.

मी त्या रेघेवरून दोनदा बोट फिरवलं. मग शिफ्ट संपता संपता मोबाइल आणून ती पाच तोंडं दाखवली आणि विचारलं, "ताई, तुम्ही हेच का धरता?"

"रेघ आहे म्हणून."

"आणि हे हसरं?"

त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "वाकडं आहे. गळ्याच्या भेगेसारखं. हे खालचं वाकडं, ते वरचं वाकडं."

"आणि चौकट का भरत नाही?"

"शेरा दोष असला तरच लिहायचा असतो ना, मॅडम?"

बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या, हिला एवढंही माहीत नाही का, अशा नजरेने. दोन वर्षं या चौदा जणी दर सोमवारी सांगत होत्या की सगळं उत्तम चाललंय, काही तक्रार नाही. आणि आम्ही वाचत होतो की यांना इथे राहायचंच नाही. मला तिथल्या तिथे रडू आलं. अंधार होता म्हणून निभावलं.

जुन्या नोंदीही काढल्या. नऊ वर्षांत तपासणीतून दोघीच गेल्या, एक निवृत्त झाली, एकीच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. ऐंशीचे आकडे मिरवणाऱ्या पॅकिंगमधून एका वर्षात अकरा जण गेलेत.

साहेबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग विचारात पडले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "वरती कारण चालत नाही, आकडा चालतो. त्यांना समजावून सांगा, पुढच्या सोमवारपासून नीट भरा म्हणावं. आकडा आपोआप चढेल." सोपं आहे, नाही का?

तुझी बारकी


६ मार्च

बारके,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. टेलरकाकांनाही वाचून दाखवलं. रजिस्टरचा भाग आला तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं, आणि ते काका गिऱ्हाइकासाठीही थांबवत नाहीत.

तुझ्या साहेबांची युक्ती मला पसंत नाही. ज्यांनी खरं सांगितलं त्यांना तू आता कसं सांगायचं ते शिकवणार, आणि ज्यांना वाचता आलं नाही ते खुर्चीत तसेच बसणार. पण घाईची वेळ आहे, तेव्हा कर तसं. पोटापाण्याचा प्रश्न आहे.

मला एक जुनी गोष्ट सारखी आठवते आहे. आज लिहीत नाही. लिहायला घेतली होती, कागद फाडला.

आत्या


१८ मार्च

आत्या,

कुठली गोष्ट? असं अर्धवट लिहून तू मला छळतेस.

इथे सोपं काहीच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना नीट समजावलं. तेरा जणींनी पुढच्या सोमवारी हिरवं तोंड धरलं. एकजण म्हणाली, "भेग पास केल्यासारखं वाटतं," पण धरलं. काल दुसरा सोमवार झाला. तेराही जणींचे आकडे सत्तरच्या पुढे गेले.

भिंगवालींनी रेघच धरली, दोन्ही सोमवारी. बाकीच्या वर गेल्यामुळे त्या जास्तच खाली दिसतात. अकराचे नऊ झाले. मी त्यांना बाजूला घेतलं.

"ताई, एक बोट दोन घरं पलीकडे न्यायचंय. बास."

"मी हसतेय की नाही ते सोमवारी सकाळी मला कसं कळणार? दोष नाही, एवढं कळतं. ते मी लिहिते."

"बाकीच्या सगळ्यांनी केलं की."

"बघितलं मी. त्यांना मी काही म्हटलं नाही. ज्याचं त्याने बघावं."

"ताई, यावर खूप काही अवलंबून आहे." याच्यापुढे मला बोलायची परवानगी नाही.

त्या मग म्हणाल्या, "मग तर नीटच भरायला हवं."

मला त्यांचा इतका राग आला, आत्या. आणि तितकाच स्वतःचा. यादीला तेरा दिवस राहिलेत. तेराजणींतून सहा निवडल्या तर नियमात बसतं, कुणी बोट ठेवणार नाही. फक्त सगळ्यात चांगले डोळे घरी जातील. त्यांचं नाव घालायचं तर साहेबांच्या नियमाविरुद्ध घालावं लागेल, आणि मी अजून कायम झालेले नाही. मी घाबरट आहे हे तुला माहीतच आहे. काय करू?

बारकी


२१ मार्च

बारके,

फाडलेला कागद पुन्हा लिहिते.

आमच्याकडे फोरमन लोक दरवर्षी आपल्या माणसांना दहापैकी गुण द्यायचे. सुपरवायझर करायचं तर निदान सात हवेत, असा नियम मीच केला होता. नियम चांगला होता, त्यामुळे वशिला बंद झाला. वेल्डिंगच्या फोरमननी मात्र कधीच कुणाला सहाच्या वर दिले नाहीत. मी दहा मिनिटांत माणूस ओळखणारी. मी ओळखलं की वेल्डिंग खात्यात सगळे सुमार. तीन वर्षं त्या खात्यातला एकही माणूस वर चढला नाही.

फोरमन निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या चहाला मी सहज विचारलं, तुमच्याकडे एकही चांगला माणूस नव्हता का हो? ते चकित झाले. म्हणाले, "सहा म्हणजे उत्तमच की. पंप दहा वर्षं गळला नाही तर सात द्यावेत, आणि तोवर मी कुठे असणार?" इतर फोरमन आठ आणि नऊ वाटत होते. मी कधी जाऊन विचारलं नव्हतं.

त्यातला एक वेल्डर होता, त्याचा सांधा हात फिरवला तरी कळायचा नाही. तीनदा अर्ज केला, तीनदा मी बाजूला ठेवला. नंतर वयाची अट आड आली. चूक कळल्यावर मी पुढच्यांसाठी नियम बदलला आणि मागच्याबद्दल गप्प बसले. चौतीस वर्षांत मी केलेलं सगळ्यात वाईट काम हे आहे, आणि आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या बाबालासुद्धा नाही. माझ्याकडे शेरा लिहायला रकानाच नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. रकाना आखायला पट्टी लागते. ती माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.

तेव्हा यादीत त्या बाईचं नाव पहिलं लिही. नऊ आकडा खोडू नकोस, लपवू नकोस. त्याच्या शेजारी तुझ्या अक्षरात कारण लिही आणि खाली सही कर. घाबरलीस तरी चालेल. सही करताना हात कापला तर अक्षर जरा वाईट येतं, एवढंच.

आत्या


२० एप्रिल

आत्या,

महिनाभर लिहिलं नाही, कारण निकाल लागेपर्यंत लिहिण्यासारखं काही नव्हतं.

सही केली. अक्षर खरंच वाईट आलं. साहेबांनी यादी वाचली, नऊचा आकडा बघितला, शेजारची माझी अर्धं पान भरलेली ओळ बघितली. म्हणाले, "या बाई गेल्या तर जबाबदारी कुणाची?" मी म्हटलं, माझी. त्यांनी तसं लिहून घेतलं. माझं कायम होणं तीन महिने पुढे ढकललंय. पण सहाही जणी तपासणीतल्याच घेतल्या, पहिल्या भिंगवाली. पाच जणींना तिथेच ठेवलं, यंत्राने बाद केलेल्या बाटल्या पुन्हा डोळ्यांनी बघायला माणूस लागतोच. तिघी पॅकिंगमध्ये गेल्या. घरी कुणालाही जावं लागलं नाही.

आता गंमत ऐक. यंत्र सुरू झालं त्याच्या पुढच्या सोमवारी साहेबांनी मला तातडीने बोलावलं. स्क्रीनवर भिंगवालींच्या नावापुढे लाल ठिपका. एकशेबारा सोमवारांत पहिल्यांदाच त्यांनी रडकं तोंड धरलं होतं. आकडा दोनवर आला होता. साहेब म्हणाले, "गेल्या तुमच्या बाई. आता काय हवंय त्यांना? पगार?" मी चौकट उघडली. त्यात लिहिलं होतं, 'डाव्या बाजूचा दिवा मंद आहे. बुडाची भेग कॅमेऱ्याला दिसत नाही.'

मी म्हटलं, "दिवा हवाय, साहेब."

यंत्रवाल्यांनी येऊन पाहिलं, तर खरंच. तीन दिवसांचा माल परत तपासावा लागला. साहेब आता दर सोमवारी चौकटी स्वतः वाचतात.

एकच बोचतंय. पॅकिंगमध्ये गेलेल्या तिघींपैकी एकीने मला जिन्यात गाठलं. तिकडे कुजबुज आहे म्हणे की तपासणीवाल्यांना काढणारच होते, कामात मन नाही म्हणून. तिने विचारलं, "मॅडम, आमचं काय चुकलं होतं?" मी म्हटलं, काही नाही, अफवा आहेत. ती मान हलवून गेली. जुन्या आकड्यांचं कुणालाच सांगितलेलं नाही. झालं ते बरंच झालं, आता कशाला उकरायचं? तुला काय वाटतं? आणि त्या वेल्डरना तू कधी सांगितलंस का?

तुझी बारकी


२ मे

बारके,

नव्हतं सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं.

ते रोज सकाळी बागेत फिरायला येतात. इतकी वर्षं मला बघून नमस्कार करायचे, "बाई, बऱ्या आहात ना?" म्हणायचे, आणि मी गुडघ्यांविषयी काहीतरी बोलून पुढे जायचे. त्या दिवशी मी त्यांना बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. सहा गुण, सातचा नियम, तीन अर्ज, माझं गप्प बसणं. काही गाळलं नाही. त्यांचं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून मी माझा बरा कान त्यांच्याकडे करून बसले होते.

ते मग म्हणाले, "मला वाटायचं, माझाच हात कमी पडला."

बावीस वर्षं, बारके. त्यांनी मुलाला त्या कामात घातलं नाही, आपल्याला जमलं नाही तर त्याला काय जमणार म्हणून. निवृत्त झाल्यावर वेल्डिंगचं हत्यार कधी हातात घेतलं नाही.

मग म्हणाले, "घरचं माणूस म्हणायचं, तुमच्यात काही कमी नाही, कुठेतरी घोळ झालाय. मी म्हणायचो, तू माझी बायको आहेस, तू असंच म्हणणार." त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. "तेव्हा सांगितलं असतंत तर तिला सांगता आलं असतं."

रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर मला घरी येऊन जेवण गेलं असतं. उठताना त्यांनीच मला हात दिला.

तुझी ती पॅकिंगमधली बाई जिन्यातून मान हलवून गेली, ती कुठे गेली असेल? घरी. घरी कुणीतरी तिला म्हणालं असेल, तुझं काही चुकलेलं नाही, आणि तिने ते खरं मानलं नसेल. उद्या कामावर गेलीस की चौदाही जणींना एकत्र बसव. आकडे सांग, अकराही सांग, तुम्ही लिहिलेलं आम्हाला वाचता आलं नाही हे सांग. साहेब रागावतील, तुझं कायम होणं आणखी लांबेल, तरी सांग. त्यांना संध्याकाळी घरी जाऊन ते कुणालातरी सांगायचं आहे.

तुझी आत्या